तिसऱ्या अंकात ती परत जाते

मंगळवार, १२ मार्च १९७४

नारळ फुटला. आमच्याच सोप्यात! जत्रेच्या नाटकाची तालीम यंदा आमच्या घरी, कारण आमचा आकाराम नाट्यमंडळाचा अध्यक्ष. पंचेचाळिशी आली, विहिरीवरची मोटर जळून पडलीय, खोडव्याच्या उसाला पाणी नाही, आणि हा माझा लेक मिशीला पीळ देऊन बापाचं काम करणार. नाटकातल्या बापाचं. घरात खरी लेक हाताला फडकं गुंडाळून बसलीय, तिच्या बापाचं काम करायला मात्र ह्याला सवड नाही.

हरणा संक्रांतीला आली ती परत गेली नाही. रहिमतपूरला दिली होती. जावई जोतीराम गुळाच्या अडतीवर दिवाणजी. पांढरी टोपी, बोलणं एवढं मऊ की लग्नात सगळ्या बाया म्हणाल्या, पोरीनं नशीब काढलं. भाकरी करपली म्हणून त्या मऊ बोलणाऱ्यानं तिचा हात धरला आणि तव्यावर टेकवला. सासू म्हणते, पोरगी तोल जाऊन चुलीवर पडली. चुलीवर पडलं की असा बाकदार डाग उठत नाही. तव्याच्या कडेचा डाग तव्याच्या कडेचाच दिसतो. माझा जन्म चुलीपुढं गेला, मला शिकवू नका.

गावात काय सांगितलंय — पोरीला कावीळ झाली, आष्ट्याच्या वैद्याचं औषध चालू आहे! ही कावीळ माझ्या सुनेनं काढली, लीलानं. आकारामनं मान डोलावली. आता गावातली प्रत्येक बाई हरणाचे डोळे बघून जाते आणि म्हणते, उतरली की गं.

शुक्रवार, १५ मार्च

नाटक ऐकलं. दाराआड बसून सगळं ऐकलं. नाव ‘कुंकवाची पायरी’. लिहिणारा आप्पासो मास्तर, इथल्या शाळेवरचा. हा पोरगा लहानपणी आमच्या परड्यातल्या चिंचा चोरायचा तेव्हा बरा होता.

बाईचं नाव सावित्री. दुसरं कसं असेल! नवरा दारुडा. पहिल्या अंकात तिचं डोरलं विकतो. दुसऱ्या अंकात मारतो, ती माहेरी येते. तिथं बाप — म्हणजे आमचा आकाराम — तिला पाणीसुद्धा देत नाही. आधी भाषण देतो. मग हाताला धरून तिला नवऱ्याच्या दारात नेतो आणि म्हणतो, “पोरी, तुझी पायरी हीच. जितेपणी हितनं हलू नगंस.” तिसऱ्या अंकात ती परत गेलेली, नवरा आजारी, ती रात्रंदिवस उशाला बसते, तो डोळे उघडतो आणि तिच्या पायावर पडतो. पडदा.

त्या सावित्रीची आई नाटक सुरू व्हायच्या आधीच मेलेली आहे. मास्तरला सोपं पडलं! आजीचा तर पत्ताच नाही. आजी असती तर नाटक दुसऱ्या अंकातच आटपलं असतं.

मंगळवार, १९ मार्च

आज आप्पासोला गाठला. तालीम संपवून चप्पल शोधत होता. मी चप्पल धरूनच बसले होते.

म्हटलं, “आप्पासो, ती परत का जाती रं?”

“आवं थोरल्या आई, त्या पात्राचा स्वभावच तसा हाय. सोशिक.”

“तो स्वभाव तिच्यात कुणी घातला? तूच न्हवं?”

हसला. शिकलेल्या माणसाला उत्तर नसलं की तो हसतो. मग म्हणाला, “आदी मी तिला हिरीत उडी टाकायला लावली हुती. पर आकारामतात्या म्हणाले, जत्रा हाय, जावई-पाव्हणं येत्यात, मरण नको. म्हणून गोड शेवट केला.”

म्हणजे बघा! एक तर परत जा, नाहीतर विहिरीत. बाईला तिसरी वाटच नाही सबंध मुलखात. तेच त्याला म्हटलं. म्हटलं, माहेरीच राहिली तर तुझ्या बाचं काय जातं? भांगलायला जाईल, एक म्हस पाळील, खाईल चार घास.

आप्पासोनं टोपी काढून डोकं खाजवलं. म्हणाला, “मग नाटक संपतच न्हाई, थोरल्या आई. परत गेली तर संपतं. मेली तर संपतं. माहेरी राहिली तर दुसऱ्या दिवशी उठायचं, कुणी तरी काय तरी बोलायचं, पुन्हा तिसरा दिस. त्यावर पडदा कुठं टाकू?”

हे मात्र खरं बोलला. चप्पल दिली त्याची.

पण घरात येऊन पुन्हा डोकं तापलं. पडदा टाकायला जागा सापडत नाही म्हणून बाईला मारकुट्याच्या घरात कोंबायची! त्यापेक्षा पडदा टाकू नका की. लोकांना म्हणावं जा घरी, उद्या पुन्हा या.

रविवार, २४ मार्च. पाडवा.

गुढी उभी केली. पुरणपोळी झाली. दुपारी हरणा मला जुन्या दिवाळी अंकातली गोष्ट वाचून दाखवत होती. मला वाचता येतं, पण बारीक अक्षर आता मुंग्यांसारखं पळतं. माझा नवरा पलटणीत होता, त्याची पत्रं दुसऱ्या कुणी वाचू नयेत म्हणून मी तेव्हा हट्टानं शिकले. पत्रात काय असायचं? बैलाला पेंड घाल. असो.

तर गोष्ट. सासू सुनेला जन्मभर छळते. मग सासू आजारी पडते, सून तिची सेवा करते. मरताना सासूच्या डोळ्यांत पाणी. “मी तुला ओळखलं नाही गं.” मरते. संपली गोष्ट. हरणाच्या डोळ्यांत टचकन पाणी!

मी म्हटलं, “मरताना कशाला ओळखायचं? वीस वर्षं एका चुलीवर होत्या न्हवं? तवा काय डोळं फुटलं हुतं?”

हरणा म्हणाली, “आज्जी, गोष्ट हाय गं ती.”

“मग गोष्टीत तरी बाईला लवकर शाणपण येऊ दे की. गोष्टीला काय पैसं पडत्यात?”

लीला आतून भांडी घासता घासता हसली. मला ऐकू येईल एवढ्यानं. हसू दे. मी तिला छळलं की नाही ते तिनं मी जिवंत असतानाच सांगावं, मी काही मरताना रडणार नाही.

गुरुवार, २८ मार्च

आज माझ्या अंगाची लाही झाली.

हरणा रोज तालमीला दाराआड बसते. मी समजले, पोरीचं मन रमतंय, रमू दे. तिला आता सगळं पाठ झालंय. भाकरी थापताना तोंडानं सावित्रीचं बोलणं चालू. आज दळण निवडताना मला म्हणते, “आज्जी, पर शेवटी त्यो सुधारतो की.”

“कोण?”

“सावित्रीचा नवरा. ती परत गेली म्हणूनच सुधारला न्हवं? माहेरी राहिली असती तर तसाच मेला असता.”

सूप खाली ठेवलं. म्हटलं, “अगं खुळे, त्यो सुधारतो कारण मास्तरला पडदा टाकायचाय. तुझ्या जोतीरामाच्या घरात पडदा हाय का? कुठं बांधलाय? तुळईला?”

तिनं एक खडा वेचून टाकला. मग म्हणाली, “तात्याबी तसंच म्हणत हुतं काल. नाटकातलं वाक्य न्हवं. घरात. म्हणालं, हरणे, पायरी तीच बरी.”

म्हणजे आकाराम आता घरातसुद्धा ते वाक्य बोलायला लागला! आधी मास्तरानं लिहिलं, मग ह्यानं पाठ केलं, आणि आता ह्याला वाटतं आपल्याच मनातलं आहे.

मंगळवार, २ एप्रिल

ऊस वाळतोय. आकारामला तालमीत खरं रडू येतं म्हणे, बायकोची शपथ घेऊन सांगतो. सगळे वाहवा करतात.

रविवार, ७ एप्रिल

जत्रेचं निमंत्रण रहिमतपूरला गेलं. आकारामनं स्वतः जाऊन दिलं. जावयाला! आमच्याकडं भैरोबाच्या जत्रेला लेकी-जावई आले नाहीत तर लोक विचारतात, ते खरं. पण म्हणून ह्याला?

जेवताना भांडण काढलं. म्हटलं, “त्याला मटनाचा रस्सा वाढायचा त्यो कुठल्या हातानं वाढायचा? हरणाच्या? डाव्या का उजव्या? उजवा तर भाजलाय.”

आकाराम म्हणाला, “आई, तू गप. मी सगळं जुळवून आणतोय. त्येला मी जत्रेला बोलावलंय ते मुद्दाम. नाटक बघू दे त्येला. दगडालाबी पाझर फुटंल असं काम झालंय. बघंल, लाजंल, आपोआप रुळावर येईल. वाद घालून काय हुतंय?”

म्हणजे चार बाप्यांना घेऊन जायचं नाही, त्याची गचांडी धरायची नाही. त्याला नाटक दाखवायचं! तोंडाला रंग लावून बोलायचं आणि वाट बघायची की समोरचा बसल्या जागी लाजेल.

लीला म्हणाली, “आत्याबाई, रस्सा सांडतोय.” खरंच सांडला होता.

गुरुवार, ११ एप्रिल

सांगलीहून नटी आली. भामाबाई नाव. सावित्रीचं काम हिचं. गावातल्या बायका स्टेजवर कुठल्या चढायला, म्हणून नटी भाड्यानं आणायची, आणि तिची उतरायची सोय अध्यक्षाच्या घरी. तर ही आमच्या घरी. आल्या आल्या ट्रंक उघडली, आरसा काढून खिडकीत ठेवला, मग चहा मागितला. साखर जास्त. सकाळपासून शेजारची अंबूबाई तीनदा पीठ मागायला आली, हिला बघायला. शेवटी मी पिठाचा डबाच तिच्या हातात दिला.

मला ही बाई आवडली नाही. पावडर. पण बघते तर हरणा तिच्या पायाशी बसलेली. ती केस विंचरत होती आणि हरणा तिला विचारत होती, “तुमाला रडू कसं येतं हो, रोज?”

मी भामाबाईला परड्यात गाठलं. सरळ विचारलं. म्हटलं, “बाई, एक काम करशील का? तिसऱ्या अंकात परत जाऊ नगंस. दुसऱ्या अंकात बाप म्हणतो, पायरी हीच — तवा म्हण, न्हाई जायची. दोनच शब्द. आणि निघून ये आत.”

ती हसली नाही, हे तिचं बरं. म्हणाली, “आज्जी, ह्या चैत्रात बारा गावांत जत्रा हायत माझ्या. बाराच्या बारा गावांत मी नवऱ्याच्या दारात जाती. नाटक येगळं, मास्तर येगळा, दार त्येच. पदरचं एक वाक्य घातलं तर पुढच्या साली मला कोण बोलावंल?”

“आणि तुझा सोताचा नवरा?”

“सोडून आले. नऊ वर्सं झाली.” आणि चूळ भरली.

घ्या! स्वतः सोडून आली आणि बारा गावांना परत जायला शिकवते. तोंडावर बोलले तिला. ती म्हणाली, “शिकवत न्हाई, आज्जी. पोट भरती. शिकायचं का न्हाई ते बघणाऱ्यानं ठरवावं.”

बघणारी पोरगी दाराआड उभी होती, ते तिला दिसलं नाही. मला दिसलं.

रविवार, १४ एप्रिल

सगळं नीट लिहिते.

काल पालखी झाली, गुलाल झाला, जावई आला. नवी टोपी, आमच्यासाठी गुळाची ढेप. माझ्या पाया पडला. मी पाय मागं घेतले, त्याचा हात फरशीवर टेकला. आकारामनं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

रात्री नाटक. देवळामागच्या पटांगणात मंडप. बापे एका बाजूला, बायका एका बाजूला, मधे दोर. जावई पहिल्या रांगेत खुर्चीवर. हरणाला मी माझ्याजवळ बसवली होती, पदर हातावर ओढून.

आमच्या नाटकात बक्षिसाची पद्धत आहे. मधेच कुणाला काम आवडलं की रुपया-दोन रुपये कर्ण्यावर जाहीर करायला लावायचे. नाटक थांबतं. अर्जुना विंगेत कर्ण्यावर बसलेला असतो, तो नाव पुकारतो, नट मुजरा करतो, मग पुन्हा नाटक सुरू. मेलेला माणूससुद्धा उठून मुजरा करून पुन्हा मरतो.

तर दुसरा अंक. आकाराम सावित्रीला नवऱ्याच्या दारात उभी करतो. “पोरी, तुझी पायरी हीच.” खरंच रडत होता मेला. सगळा मंडप हुंदके देत होता. शेजारी हरणा ओठांतल्या ओठांत तेच वाक्य म्हणत होती. आणि कर्णा ओरडला — “रहिमतपूरचे पाव्हणे, तात्यांचे जावई, जोतीरामबापू यांच्याकडून सावित्रीच्या भूमिकेला पाच रुपये बक्षीस! अशी बायको घरोघरी मिळो!”

टाळ्या. तो खुर्चीवरनं उठून हात जोडत होता. भामाबाईनं मुजरा केला.

मी उठले. कशी उठले मला माहीत नाही. दोर ओलांडला. अर्जुना म्हणाला, “काय थोरल्या आई, बक्षीस का?” म्हटलं, “व्हय.” म्हणाला, “नाव सांगा, पुकारतो.” म्हटलं, “सर तिकडं, माझं मी पुकारती.”

आणि कर्ण्यावर बोलले. जसं बोलले तसं लिहिते — “आकाराम, तुझ्या आईकडनं एक रुपया. बापाचं काम झकास केलंस. आता रंग पुसून घरात ये आणि खऱ्या बापाचं कर. तुझ्या पोरीला कावीळबिवीळ काय न्हाई. तिच्या हातावर तव्याचा डाग हाय. ज्येनं पाडला त्यो पहिल्या रांगेत बसून नटीला बक्षीस देतोय.”

अर्जुनानं कर्ण्याकडं हात नेला आणि मागं घेतला.

आणि मग टाळ्या! बापरे, कशा टाळ्या! माझ्याच गावच्या माणसांना वाटलं हे नाटकातलंच आहे. मागनं कुणी तरी शिट्टी मारली. “म्हातारीचं काम कोण करतंय रं? वन्स मोर!” अर्जुनासुद्धा बघत राहिला, पुढं काय म्हणून.

पुढच्या रांगांतल्यांना कळलं. ते जावयाकडं बघायला लागले. तो उठला, टोपी सारखी केली आणि मंडपाच्या बाहेर गेला. सकाळच्या मटनाला थांबला नाही.

स्टेजवर आकाराम तसाच उभा, हात सावित्रीच्या खांद्यावर. तोंडाला रंग म्हणून तोंडाचा रंग कळला नाही. मग भामाबाईनं पुढचं वाक्य म्हटलं. चाळीस माणसं असोत का चारशे, ती वाक्य म्हणणारच. आणि तिसऱ्या अंकात गेली परत. लोक आणखीनच रडले.

हरणाच्या जागेवर बघते तर जागा मोकळी. आधीच घरी गेली होती.

सोमवार, १५ एप्रिल

आकाराम माझ्याशी बोलत नाही. लीलाकरवी बोलतो. “आईला सांग, जेवायला बसा म्हणावं.” मी समोर बसलेली!

रहिमतपूरहून निरोप आला. पोरीला आणि तिच्या बापाला उंबऱ्यावर बघायचं आहे, चार दिवसांत. नाहीतर पोरीनं तिकडची वाट विसरावी. म्हटलं, विसरली! सांगा विसरली म्हणून!

आकाराम प्रथमच माझ्याकडं बघून बोलला. “सगळ्या गावात तोंड काळं केलंस, आई. मी हळूहळू जुळवत हुतो.”

“काय जुळवत हुतास? तिसरा अंक?”

ताट सारून उठला.

भामाबाई दुपारच्या गाडीनं गेली. जाताना माझ्या पाया पडली. मी ‘सुखी राहा’ म्हटलं नाही, पण पाय मागं घेतले नाहीत.

मंगळवार, १६ एप्रिल

हरणा जाते म्हणते. स्वतःहून. कुणी ढकललं नाही!

मी ओरडले. जे तोंडात येईल ते बोलले. ती बोचकं बांधत होती. मग एकदम उलटली माझ्यावर. कधी उलटली नव्हती. “आज्जी, हात माझा हुता. तू सगळ्या गावाला दाखवलास. मला इचारलंस? सकाळी पाण्याला गेले तर बाया म्हणत्यात, बघू बघू. पदर वर करून बघत्यात! तिथं एकटा मारतो. इथं सगळं गाव बघतंय.”

“अगं, मी तुझ्यासाठी —”

“सावित्रीचा बापबी तिच्यासाठीच करतो.”

सूप घेऊन बसले, त्यात निवडायला काही नव्हतं.

लीला संध्याकाळी शेजारी येऊन बसली. म्हणाली, “आत्याबाई, तुमी बोललात ते बरं का वाईट मला कळंना. मला तेवढंबी जमलं नसतं.” तिला म्हटलं, आता जमव. जा, नवऱ्याला सांग. ती उठली, आकारामच्या खोलीच्या दारापर्यंत गेली. उभी राहिली. परत आली.

राग कुणाकुणाचा करायचा? आप्पासोचा, जावयाचा, लेकाचा, सुनेचा, त्या टाळ्या वाजवणाऱ्यांचा. आज पोरीचासुद्धा आला. आणि ती जे बोलली त्याचा सगळ्यात जास्त, कारण ते खोटं नव्हतं.

बुधवार, १७ एप्रिल

गेली दोघं, पहिल्या एस.टी.नं. आकारामनं तेच नाटकातलं धोतर नेसलं होतं, बरं तेवढंच एक आहे. मी दारापर्यंत गेले नाही. तिनंही हाक मारली नाही.

गुरुवार, १८ एप्रिल

दिवस मावळता आकाराम आला. डोक्यावर गोणपाटाचं गाठोडं. सोप्यात सोडलं तर भांडी घरंगळली — परात, कळशी, तांबे, हरणाच्या रुखवतातली, तिचं नाव घातलेली सगळी. अंबूबाई दारात येऊन उभी. उभी राहू दे.

मागं हरणा.

लीलानं पाणी दिलं. आकाराम प्याला आणि भिंतीकडं बघत म्हणाला, “सासूनं उंबऱ्यातच अडीवलं. म्हणाली, आदी चार माणसांत कबूल करू दे, चुलीवर आपणच पडले म्हणून. आणि ही कबूल झाली, आई. लगीच. मान खाली घालून. वर मला म्हणती, तात्या, तुमी जावा आता, गाडी चुकंल.”

“मग मी म्हटलं, हिची भांडी काढा भाईर.” परतीची गाडी चुकलीच होती म्हणे, रात्र कराडच्या स्टँडवर काढली दोघांनी.

मी भांडी बघितली. म्हटलं, “आणि घंगाळ? तांब्याचं घंगाळ दिलं हुतं, माझ्या माहेरचं.”

“ऱ्हायलं तिथंच,” म्हणाला. “एका हातानं गठुडं धरलं हुतं. दुसऱ्या हातात हरणा हुती.”